बुजवलेले झरोके

तळघराचे झरोके मी बुजवले, मिस्त्रींनी नाही. एवढं बोलायला मला सहा वर्षं लागली. तेवढ्या काळात आमच्या गल्लीत मिस्त्रींना कोणी एक वीटही लावायला दिली नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दादा नारपोलीला कापडाच्या लूमवर रात्रपाळी करायचा. सकाळी घरी येऊन झोपायला जावं, तर दोन खोल्यांत मुलं, स्टोव्ह, रेडिओ. घर जुनं होतं, खाली तळघर होतं. पूर्वीचे मालक तिथे भाताची पोती ठेवायचे, आम्ही मोडक्या खुर्च्या. तिथेच दादासाठी झोपायची खोली करायचं मी ठरवलं. जास्त खर्च झेपणार नव्हता. पाडलेल्या एका घराच्या शहाबादी फरशा मिळाल्या, सुताच्या पेट्यांच्या फळ्या जोडून पलंग झाला. मजुरी आम्ही दोघा भावांनीच केली.

मिस्त्री अकलोलीकडच्या एका पाड्यावरून यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीचा पोपडा काढून जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

"खार हाय. सिमेंट नको, चुना लावू. आन् ती वरची दोन भोकं उघडी ठेवा. भिंतीचं नाक हाय ते."

छताला लागून, गल्लीच्या बाजूला दोन झरोके होते.

"माझं नाक तर कापसानं बंदच झालंय, मिस्त्री," दादा म्हणाला. "भिंतीचं तरी चालू राहू दे."

लावायची प्रत्येक वीट ते आदल्या दिवशी पाण्यात टाकायला लावत. बादल्या ओढून दादा कंटाळायचा. "विटा लावायच्यात का आंघोळीला बसवायच्यात?"

"कोरडी वीट चुन्याच्या मालातलं पाणी पिऊन टाकती, दादा. मंग माल धरत न्हाय."

खोली चांगली झाली. मिस्त्री भाताच्या आवणीसाठी गावी गेले आणि त्याच आठवड्यात समोर नवा लूमचा कारखाना सुरू झाला. झरोक्यांतून खडखडाट आणि कापसाची भुकटी आत यायला लागली. दादा उशी कानावर घेऊन पडून राहायचा. मला ते बघवेना. एका दुपारी तो रेशनच्या रांगेत असताना मी उरलेल्या विटा आणि थोडं सिमेंट घेऊन दोन्ही झरोके बुजवले आणि वरून चुना फासला. त्याने विचारलं तेव्हा सांगितलं, "मिस्त्री गावाहून येऊन बुजवून गेले. म्हणाले, बंद केले तरी चालेल." त्याचा मिस्त्रींवर विश्वास होता, माझ्या मिस्त्रीगिरीवर नव्हता.

श्रावणात भिंतीला घाम सुटला. पांढरा खार फुलला, चुन्याचे पापुद्रे गादीवर पडू लागले. दादाला खोकला लागला आणि तो परत वरच्या गोंगाटात झोपायला आला. शेजारचे चाचा सुताचे जुने व्यापारी. त्यांना ओटा बांधायचा होता, म्हणून ते काम बघायला खाली उतरले.

"हे मिस्त्रींनीच केलं?"

"हो," मी म्हणालो.

"मग मी बोलावू की नको?"

"नका बोलावू, चाचा."

आवणी उरकून मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आले, तेव्हा चाचांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. जाताना त्यांनी आमच्या घराकडे पाहिलं. मी दाराआड उभा होतो. पुढे ज्या घरी ते गेले, तिथे चाचांचं बोलणं आधीच पोहोचलेलं असायचं.

सहा वर्षांनी, भिंत एकदाची सुकावी म्हणून, दादाने झरोके उघडायला घेतले. हातोडीची गरजच पडली नाही. वीट नुसत्या हाताने निघून आली, तिला मालाचा कणही चिकटलेला नव्हता. दादा ती उलटीसुलटी करून बघत राहिला.

"कोरडी लावलीय," तो म्हणाला. "बादल्या मी ओढल्यात. हे मिस्त्रींचं काम नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तूच ना?"

मी मान हलवली. त्याने वीट माझ्या हातात दिली. "माझ्या खोकल्याचं सोड. त्यांच्याकडे जा."

रविवारी एसटीने गेलो. मिस्त्री अंगणात कुडाच्या भिंतीला शेणमाती लिंपत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"दादांचा खोकला कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"कमी आहे."

"बरं हाय मंग." त्यांनी शेणमातीचा आणखी एक गोळा कुडावर थापला. "माझं काम न्हाय ते, मला ठावं व्हतं. मला सांगून काय व्हनार? ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

"तुम्ही याल?"

"येईन. ऐकायला तरी येईन."

शुक्रवारी नमाज आटोपून चाचा त्यांच्या ओट्यावर बसले होते, शेजारचे तिघे-चौघेही होते. मिस्त्री हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पायरीखाली उभे राहिले. त्यांना बघून चाचांच्या कपाळाला आठी पडली. दादा माझ्या मागे होता. ती वीट मी माझ्या पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली.

"चाचा, तळघराचे झरोके मी बुजवले होते," मी म्हणालो. "हे मिस्त्री नको म्हणाले होते. भिंत माझ्यामुळे खराब झाली आणि नाव मी यांचं सांगितलं." मग मी पायरी उतरून मिस्त्रींसमोर गेलो. "मिस्त्री, मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. तुम्ही परत आलात तेव्हा दाराआड लपलो. माझं चुकलं. मला माफ करा."