भिंतीवरची फेरी

सुगंधाताई गेल्याचं मला आन्सरिंग मशीनवरून कळलं. ऑफिसातून आले, बूट काढता काढता बटण दाबलं आणि तिच्या मुलीचा, मैत्रेयीचा आवाज आला, "मावशी, आई इज गॉन. कॉल मी, प्लीज." एक बूट पायात तसाच ठेवून मी जमिनीवर बसले. मशीन मात्र थांबलं नाही. बीप झाला आणि दुसरा निरोप सुरू झाला. तो डॉक्टरांच्या ऑफिसातून होता. माझी मॅमोग्राफी नुकतीच झाली होती, त्यातले एका बाजूचे फोटो पुन्हा काढायचे आहेत, अपॉइंटमेंटसाठी फोन करा, घाबरण्याचं काही कारण नाही... हे शेवटचं वाक्य त्या बाईने इतक्या गोड आवाजात म्हटलं की मी घाबरलेच. ज्या दुखण्याने ताई गेली त्याची सुरुवात अशाच एका फोनने झाली होती.

त्यानंतर मी अपॉइंटमेंट घेतली, कॅन्सल केली, पुन्हा घेतली, पुन्हा कॅन्सल केली. नवऱ्याला सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर आहेत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तर त्याचं अख्खं खानदान लहानपणापासून आहे. लिफ्ट, कुत्री, फ्रीवेवरचे ट्रक, काही म्हणता काही सोडलेलं नाही. आणि अशा मला इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये नोकरी मिळाली ती सुगंधाताईच्या हाताखाली, गाड्या भिंतीवर आपटायच्या विभागात! नवी गाडी वेगाने काँक्रीटच्या भिंतीवर नेऊन आदळायची आणि आतल्या पुतळ्यांचं काय होतं ते बघायचं, हे आमचं काम. पहिल्या दिवशी मी डोळे गच्च मिटून घेतले होते. ताई शेजारी उभी होती. "मृणाल, डोळे मिटले तर दिसणार कसं?" ती म्हणाली. "आपलं पोट या भिंतीवर चालून राहिलं ना बाई!"

ती नागपूरची. वडिलांनी तरुणपणी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि त्यानंतर त्या घरात कुणी 'नवस' हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही, असा त्यांचा दंडक. ताईचा फोन 'जयभीम'ने सुरू व्हायचा आणि कुणी तिला पत्रिका, मुहूर्त असलं काही विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "पुरावा दाखव." मला तिचा फार आधार वाटायचा. इतका, की ती कशालाही घाबरत नाही हे मी गृहीतच धरून टाकलं होतं.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात कंपनीने आम्हा दोघींना चीनला शीआनला पाठवलं, सीटबेल्टचे भाग बनवणारा तिथला कारखाना बघायला. मी विमानात बसल्यापासून घाबरलेली. ताई मात्र खूश होती. भारतातून ग्रंथ घेऊन परतलेल्या चिनी भिक्खूंचं हे गाव, तिने त्याच्याबद्दल शाळेत असल्यापासून वाचलेलं. रविवारी सकाळी तिथला जुना पॅगोडा पाहिला आणि दुपारी ती म्हणाली, "चाल, आता भिंत."

शीआनच्या जुन्या शहराला चारी बाजूंनी तटबंदी आहे, अजून शाबूत, आणि वरून रस्ता जावा इतकी रुंद. दक्षिण दरवाज्यापाशी वर सायकली भाड्याने मिळतात. ताईने दोघींची जोडसायकल घेतली, पुढे ती, मागे मी. सायकलवाली बाई हाताने पूर्वेकडे जा, पूर्वेकडे जा असं सांगत होती. पश्चिमेकडे बोट दाखवून तिने दोन्ही हातांनी काहीतरी खणल्यासारखं केलं. ताईने सायकल पश्चिमेकडेच वळवली. "शहर उजव्या हाताला पाहिजे," ती म्हणाली. "स्तूपाला तसंच फिरतात."

"तुम्ही तर कर्मकांड मानत नाही ना, ताई?"

"हे देवाचं नाही ना बे. बस चुपचाप."

कोळशाच्या धुराने हवा इतकी धुरकट होती की पुढचा बुरूज दिसेना. विटा खडबडीत, सायकल दात खिळखिळे होतील अशी थडथडत होती. शहराच्या बाजूचा कठडा बुटका आणि ताई नेमकी त्याच बाजूने चालवत होती. मागच्या सीटवर हँडल वळत नाही, ब्रेक नाही, समोर फक्त ताईचं निळं जॅकेट. मी रडकुंडीला आले. "पुढे काय आहे?" मी सारखी विचारायचे. आणि ती न चिडता सांगायची, "कंदील आहे. आता म्हातारा आहे, पतंग घेऊन. आता काही दिसून नाही राहिलं."

"असं नका ना म्हणू! मोकळा रस्ता आहे म्हणा."

"दिसतं तेवढंच सांगीन. नसलेलं नाही सांगणार."

पश्चिमेची बाजू संपत आली तेव्हा सायकलवालीच्या खाणाखुणांचा अर्थ कळला. पुढे दुरुस्ती चालली होती. विटा उपसून ढीग घातलेले, मध्ये खड्डा, आणि कठड्याला लागून फळ्या टाकून केलेली चिंचोळी वाट. कठड्याचाही तिथला तुकडा पडलेला. खाली घरांची छपरं धुरात बुडालेली. मी उतरले आणि म्हणाले, "ताई, परत फिरू या. माझ्याच्याने होणार नाही."

"परत नाही फिरायचं," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता. वळून पाहिलं तर ती विटांच्या ढिगावर बसलेली, ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं चक्कर आली. मी जवळ गेले तशी तिने माझं मनगट घट्ट धरलं. तिचा हात कापत होता... सुगंधाताईचा हात!

"निघायच्या आधी बायोप्सी केली," ती म्हणाली. "परत गेल्यावर रिपोर्ट आहे. घरी कोणाला नाही सांगितलं." मग म्हणाली, "मी मनात बोलून बसली, मृणाल... ही फेरी पुरी झाली तर रिपोर्ट चांगला येईल. नवस बोलली मी! बाबांनी ऐकलं असतं ना, तर घरात नसतं घेतलं." ती हसली आणि हसता हसता रडली. त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी जिचा पदर धरून चालत होते ती स्वतःच घाबरली होती. आता धरायचं कुणाला?

"तू पुढे बस," ती म्हणाली. "मला नाही पाहवत. तू सांगत जा."

फळ्यांवरून आम्ही सायकल ढकलत नेली. मी कठड्याच्या बाजूला. मग पुढच्या सीटवर बसले आणि ओरडून सांगू लागले, "फळी संपली. पुढे वीट वर आलीय. पुढे बुरूज!" मागून फक्त "हां" येत होतं. कशी कोण जाणे, फेरी पुरी झाली.

रिपोर्ट वाईटच आला. तिने मला फोन करून आधी तेच सांगितलं, आणि मग म्हणाली, "बाबांचं बरोबर होतं, पाह्य. भिंतीला काय ठाऊक."

पुढची दोन वर्षं केमोला न्यायचं काम बरेचदा माझ्याकडे असायचं. ती मुद्दाम मागच्या सीटवर बसायची, डोळे मिटून. "काय दिसते पुढे?" मी सांगायचे, सिग्नल, शाळेची पिवळी बस, बंद पडलेलं गाड्यांचं दुकान. शेवटी हॉस्पिटलमध्ये बोलवेनासं झालं तेव्हा तिने नुसतं माझं बोट दाबलं. मला प्रश्न कळला. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "पार्किंग लॉट आहे. बर्फ आहे. एक माणूस गाडीची काच खरवडतोय." तिने मान हलवली. फ्युनरल होममध्ये पांढऱ्या कपड्यांत आम्ही सगळे त्रिसरण म्हणत होतो, तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकले नाही. डोळे मिटूनच उभी होते.

परवा मी ते फोटो काढायला गेले. नवऱ्याला खरं सांगितलं. तो येतो म्हणाला, पण मी एकटीच निघाले. गाडी सुरू केली. गराजमध्ये तशीच बसून राहिले. मग मोठ्याने म्हणाले, "गराजचं दार उघडं आहे. समोर मेलबॉक्स." आणि गाडी बाहेर काढली. रस्ताभर बोलत गेले. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता, बघू दे.

फोटो काढून झाले. निकाल सोमवारी कळेल. भीती गेलेली नाही, तशीच छातीवर बसून आहे. एक मात्र मी केलं नाही. हा सिग्नल हिरवा मिळाला तर सगळं ठीक, असं काही मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही. फार मोह झाला, तरी नाही बोलले. परतताना आरशात मागची रिकामी सीट दिसत होती. आमच्या घराच्या अलीकडे झाडांआड रस्ता वळतो, तिथे मी गाडी हळू केली.

"पुढे वळण आहे, ताई," मी म्हणाले. "त्याच्या पलीकडचं दिसत नाही."