गच्चीवरचं काळं वाळवण

त्या चैत्रात माझ्या दुकानातल्या डीप फ्रीझरमध्ये मलई कुल्फी होती, मँगो कुल्फी होती आणि तळाशी, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेलं, माझ्या धाकट्या भावाचं नशीब होतं. वाशिमच्या बस स्टँडजवळ लस्सी-कुल्फीचं दुकान चालवणाऱ्या माणसावर एवढी मोठी जबाबदारी टाकू नये. पण तेवढा लांब फ्रीझर आमच्या ओळखीत माझ्याकडेच होता, आणि भावाला दुसरा भाऊ नव्हता.

गिऱ्हाइकं काचेतून डोकावून विचारत, हे काळं कोणत्या फ्लेवरचं. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. पुढं पुढं "जांभूळ, पन संपलं" म्हणून मोकळा व्हायचो.

ते कार्बन फायबरचं कापड होतं. केसाहून बारीक काळे धागे आणि त्यांत आधीच मुरवलेली चिकट राळ. हे कापड थंडीत झोपतं, उबेत जागं होतं आणि भट्टीत घातलं की कायमचं कडक होतं. त्याचा दांडा लोखंडासारखा ताठ असतो आणि उचलायला ज्वारीच्या धांड्याइतका हलका. भाऊ गुजरातेत पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं होता. मग गाव आठवलं, आई आठवली, मीही आठवलो असेन थोडासा, आणि त्यानं परत येऊन इथल्या एमआयडीसीत पत्र्याची शेड घेतली. आमच्याकडे आता सोयाबीनवर फवारणी करायला ड्रोन येऊ लागलेत. ज्या चार दांड्यांच्या टोकांना ड्रोनचे पंखे बसतात, ते दांडे तो बनवणार होता.

पुण्याच्या एका कंपनीनं नमुना म्हणून चार ड्रोनचे सोळा दांडे मागितले होते. पास झाले तर नेमानं काम. नाही झाले तर शेडला कुलूप आणि परत गुजरात. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, लस्सी पिता पिता. पण त्याच्या बायकोनं पोरांची नव्या वर्षाची पुस्तकं घ्यायची थांबवली. कोणत्या गावच्या शाळेची घ्यायची, तेच तिला कळेना.

आणि कापड काही मिळेना. मला वाटायचं, काळं कापडच तर आहे, वाशिमच्या बाजारात लुगड्याला काय तोटा? भाऊ सांगायचा की हा धागा बनवणाऱ्या गिरण्या जगात बोटावर मोजण्याइतक्या. पांढरा धागा भट्टीतून असा न्यायचा की तो जळून कोळसा झाला पाहिजे, पण राख होता कामा नये. हे काम सावकाशीनं होतं, वीज खातं, आणि नवी भट्टी उभी करायला वर्षं जातात. इकडे पवनचक्कीवाल्यांना तो हवा, विमानवाल्यांना हवा, गॅसच्या टाकीवाल्यांना हवा. ते आख्खा लॉट उचलतात. आमच्या भावासारखा एक रोल मागणारा माणूस लग्नाच्या शेवटच्या पंगतीत बसल्यासारखा. वाढप्याची वाट पाहायची आणि बुंदी उरली असेल अशी आशा धरायची.

अनेक महिन्यांनी एकदाचा एक रोल हाती लागला. तोच माझ्या कुल्फीखाली होता.

रामनवमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, बस स्टँडमागची डीपी जळाली. डीपी म्हणजे गल्लीला वीज देणारा तो डबा. जळताना फट्ट असा आवाज झाला, पंखे थांबले, आणि मी फ्रीझरवर हात ठेवून उभा राहिलो, जणू माझ्या हातानं तो थंड राहणार होता. वायरमन म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत तरी काही होत नाही.

भाऊ भट्टीचा एक सुटा भाग आणायला अकोल्याला गेला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला की एखाद-दोन दिवस सावलीत राहिलं तर बिघडत नाही, पण ऊन लागता कामा नये, आणि पिशवी तर अजिबात उघडायची नाही. थंड कापड उघडलं तर लस्सीच्या ग्लासावर येतं तसं पाणी त्याच्यावर येईल. ग्लासाचं उदाहरण बहुधा माझ्या बुद्धीला झेपावं म्हणून दिलं असावं.

मी बर्फाच्या कारखान्यावर गेलो. तिथले चाचा आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी रिकामी खोली उघडून दाखवली. सगळा बर्फ पोहरादेवीला यात्रेत गेला होता, आणि मंडपवाल्याचा जनरेटरही. चाचांनी स्वतःच्या अंगणातली ओली पोती दिली आणि वर दुवा दिली. पोती मी परत केली. दुवा ठेवून घेतली.

शेवटी रोल गोधडीत गुंडाळला आणि स्कूटरवर पायांमध्ये उभा धरून घरी आणला. वाटेत एका ओळखीच्यानं कोणाला दवाखान्यात नेता का म्हणून विचारलं. माझ्या चेहऱ्यावर तेवढी काळजी होती म्हणायची.

घरात थंड फरशीवर, आतल्या खोलीत रोल ठेवला. तेवढ्यात भावाचा पुन्हा फोन आला, मी आईच्या हाती दिला. बसचा आवाज, रेंज येत-जात. त्याचं एकच वाक्य नीट ऐकू आलं, "माय, त्याले ओल लागू देऊ नको."

आई म्हणाली, बरं.

मी दुकानात परतलो, कारण तिथं कुल्फीचं दूध व्हायला लागलं होतं. उरलेली दुपार रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून फुकट कुल्फी खाऊ घालण्यात गेली. दुकानाची एवढी स्तुती पूर्वी कधी झाली नव्हती. उन्हं कलली तेव्हा भाऊ अकोल्याच्या बसमधून उतरला, आणि आम्ही दोघं घरी आलो.

खोलीत गोधडी नीट घडी करून ठेवलेली होती. रोल नव्हता.

भाऊ माझ्याकडे पाहायला लागला, मी गोधडीकडे. वरून आईचा आवाज आला, कावळे हाकलण्याचा. चैत्रात आमच्याकडे गच्च्या माणसांच्या नसतात, कुरडयांच्या असतात. आम्ही जिने चढलो. गच्चीभर पांढऱ्याशुभ्र कुरडया होत्या, कडेला पापड, आणि मधोमध, दोन ओळींच्या सांदीत, काळं कापड पसरलेलं. उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवलेले.

भाऊ तिथंच बसला. बोट लावून पाहिलं, बोट उचललं, पुन्हा लावलं. मला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माय, हे कवा टाकलं?"

"पहिल्या घान्याच्या कुरडया उलटवल्या तवा," आई म्हणाली. त्याचा चेहरा पाहून तिच्या हातातली काठी खाली आली. "पिशवी पार घामेजली होती रे. पानी निथळून राह्यलं होतं. तूच सांगतलं ना, ओल लागू देऊ नको म्हनून."

त्यानंच सांगितलं होतं. ओल आलेल्या वस्तूचं चैत्रात दुसरं काय करतात? आमच्या घरात ओल या शब्दाला एकच उत्तर आहे, आणि ते गच्चीवर असतं. गहू, मिरच्या, पावसात भिजलेली माझी दहावीची मार्कशीटसुद्धा आईनं तिथंच वाळवली होती. तिची शाई उडाली, ते एका अर्थी बरंच झालं.

"पुरं काहून नाही पसरवलं?" भावानं विचारलं. तेव्हा मला दिसलं की रोलचा बराचसा भाग गुंडाळलेलाच, टाकीच्या सावलीत ठेवलेला होता.

"जागाच नोयती," आई म्हणाली. "कुरडया होत्या ना."

त्या वर्षी आईनं दोन पायल्यांच्या कुरडया जास्त घातल्या होत्या, लेक गावात आला म्हणून. त्यावरून मी तिला कंजूसपणा शिक, असं फार ऐकवलं होतं. त्यानंतर त्या विषयावर मी बोललो नाही.

पसरलेला भाग गेलाच. त्याची चिकटी मेली होती, हातात धरला तर पुठ्ठ्यासारखा ताठ राहत होता. आतला शाबूत होता. भावानं शेडमध्ये कागदाचे साचे एकमेकांना अगदी खेटून मांडून पाहिले, फिरवून पाहिले, बायकोला बोलावून तिच्याकडून ब्लाउज बेततात तसे बेतून घेतले. पंधरा बसत होते. सोळावा कशानंही बसेना. पंधरा म्हणजे तीनच ड्रोन, आणि तीन दांडे बिनकामाचे. त्यानं माल पुरवणाऱ्याला फोन केला. उत्तर आलं की आलेला लॉट पवनचक्कीवाल्यांनी उचलला, आता पावसाळ्यानंतर पाहू.

मग त्यानं सोळावा दांडा शाबूत कापडाच्या तुकड्यांचा आणि थोडा गच्चीवरल्या कापडाचा केला. करून पाहतो, म्हणाला.

दांडे भट्टीत गेले त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. काही काम नव्हतं मला. मी आपला खुर्ची टाकून मीटरकडे पाहत बसलो. भट्टी एकदा तापली की मधे वीज जाता कामा नये, नाहीतर राळ अर्धवट राहते. दुपारी दिवा दोनदा मंद झाला. दोन्ही वेळा आम्ही तिघं श्वास धरून उभे, भाऊ, त्याची बायको आणि मी, आणि दोन्ही वेळा तो पुन्हा उजळला. चाचांची दुवा, मी म्हणालो. भाऊ हसला नाही.

मग वजनाची परीक्षा. दांडा दोन टेबलांवर आडवा ठेवायचा आणि मधोमध गव्हाचा कट्टा टांगायचा. एकेक करून पंधरा टांगले. एकही कुरकुरला नाही. शेवटी सोळावा. कट्टा टांगला, आणि सोळावाही तसाच ताठ. भावानं आणखी अर्धा कट्टा चढवला. दांडा ढिम्म.

मला आनंद आवरेना. म्हटलं, झालं काम, खोक्यात भर.

"नाही, दादा."

"काहून? धरलं ना त्यानं."

"आज धरलं. आत थर कसे बसले मले दिसत नाही. किन्हीराजाच्या वावरात कोनाच्या डोक्यावरून ड्रोन औषधाची टाकी घेऊन चाल्ला अन् हा दांडा तुटला तं?"

मी म्हणालो, कोणाला कळणार आहे. आणि मग, गुजरातला जायची हौस आहे का तुला, असंही म्हणालो. त्याची बायको खोक्यांना टेप लावत होती, तिचे हात थांबले. भावानं सोळावा दांडा उचलून भिंतीला उभा केला आणि पुण्याला फोन लावला.

स्पीकरवर लावला, बहुधा मला ऐकवायला. म्हणाला, साहेब, पंधराच देतो. कारण विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं की आईनं वाळत घातलं. मग पलीकडल्या साहेबांनी, अगदी शुद्ध पुणेरी मराठीत, विचारलं, "वाळत म्हणजे?"

भावानं कुरडयांपासून सांगितलं. मी भिंतीकडे पाहत होतो. त्याच्या बायकोनं टेपचं टोक नखानं शोधायला घेतलं होतं आणि ते तिला सापडत नव्हतं.

साहेब म्हणाले, "पंधरा पाठवा. ज्या दुसऱ्या दोघांना काम दिलं होतं, त्यांच्याकडून एकही आलेला नाही. त्यांना कापडच मिळालं नाही." मग म्हणाले, "हे आमच्याकडे पास झाले तर पुढचा रोल आमच्या नावावर मागवू, तुम्ही फक्त बनवून द्या. पण वाळवू नका."

म्हणजे ज्या टंचाईनं आम्हाला पंगतीत शेवटी बसवलं, तिनंच आमचं पान राखलं होतं.

पंधरा दांडे पास झाल्याचा निरोप यायला वेळ लागला. तोवर घरात कोणी नीट जेवत नव्हतं. निरोप आल्यावर भावाच्या बायकोनं त्याच संध्याकाळी पोरांची पुस्तकं आणली, वाशिमच्या शाळेची. पुढचा रोल अजून यायचा आहे. आला की माझ्याच फ्रीझरमध्ये येईल, आणि मी इन्व्हर्टर घेतलाय, जो कुल्फीसाठी घेतला असं मी घरी सांगतो.

सोळावा दांडा भावाला करवतीनं कापून आतले थर पाहायचे होते. शेडमध्ये शोधला, सापडला नाही. गच्चीवर गेलो तर आई पापडांपाशी बसलेली, हातात तो. काठी हलकी आहे, हात दुखत नाही, म्हणाली.

"माय, तो दे, मले कापून पाहा लागते."

"मंग कावळे कोन हाकलीन?"

अजून तिच्याकडेच आहे. भाऊ गच्चीवर गेला की आधी त्या दांड्याकडे पाहतो, मग आईच्या डोक्याकडे.