समुद्र किती लांब, हे तिनं विचारलंच नाही

ते प्रकरण अजूनही डोक्यातून जात नाही. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती आणि मी मुळशी भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. महाळुंग्याचा एक बागायतदार ठाण्यात आला आणि बहीण हरवल्याची तक्रार द्यायची म्हणाला.

बहीण सूसला दिलेली. चार दिवस समुद्रावर जाऊन येते म्हणून कोकणात गेली, पोचल्यावर वहिनीला एक फोटो पाठवला आणि तेव्हापासून फोन बंद. ज्या गावाचं नाव सांगितलं होतं तिथं यानं स्वतःची माणसं पाठवली होती. बाई तिथं उतरलीच नव्हती.

"नवऱ्यानंच काय तरी केलंया सायेब," तो म्हणाला. "त्याला आत घ्या, लगेच बोलंल."

ठाणे अंमलदारानं मिसिंग दाखल केली. नवऱ्याला बोलावलं. कंपनीत सुपरवायझर होता. बायको बेपत्ता आहे आणि हा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलेला. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "समुद्रावर गेलीया, येईल." कुणाबरोबर? "मैत्रिणींबरोबर." कुठल्या मैत्रिणी? पुन्हा, "समुद्रावर गेलीया, येईल." पाठ केलेलं बोलणारा माणूस मला लगेच कळतो. खरं सांगायचं तर तिच्या जिवाचं काहीतरी बरंवाईट झालंय आणि ते यानंच केलंय, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं.

जाण्याआधी बाईनं वहिनीच्या शेजारी बसून मोबाईलवर राहायच्या जागा निवडल्या होत्या. ही खोली मोठी, त्या अंगणात झोपाळा, असं सगळं बघून तीन-चार घरं पसंत केली होती. ती नावं वहिनीला आठवत होती. मी एकेका घरमालकाला फोन लावला. बुकिंग कुठंच नव्हतं. पण एका मालकिणीला तो फोन चांगला लक्षात होता.

"साहेब, पाहुणे आधी विचारतात समुद्र किती लांब, मासे ताजे मिळतील ना, बाथरूम आत की बाहेर. या बाईंनी त्यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. रेंज येते का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, छान येते. तर म्हणाल्या, मग नको."

मी फोन ठेवला आणि चहा मागवला. समुद्रावर जाणारं माणूस समुद्राची चौकशी करत नाही आणि रेंज नसलेली जागा शोधतं, याचा अर्थ काय? फोन बंद राहणार हे तिला आधीच ठाऊक होतं. फक्त त्याला कारण हवं होतं.

मग तो फोटो पुन्हा पाहिला. ओसरी, कठड्यावर चहाचा कप, मागे दूरवर निळं पाणी. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही समुद्रच समजलो होतो. आता पाण्याच्या कडेला बोट ठेवून मोठा करून बघितला. उघड्या पडलेल्या मातीत पायऱ्या-पायऱ्यांनी बांध उतरत पाण्यात गेले होते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की बुडालेली जुनी भातखाचरं अशी वर येतात. हे दृश्य मी दर मे महिन्यात जीपमधून पाहत होतो.

नवऱ्यासमोर फोटो धरला. "समुद्रात भातखाचरं कधीपासून व्हायला लागली?"

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता कबुली देणार. त्यानं हात जोडले. "सायेब, तिच्या भावाला सांगू नगा."

मग त्यानं सगळं सांगितलं. महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी मुळशी धरणाकडे गेलो. धरणाच्या काठाला एका शेतकऱ्यानं पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. ओसरीवर बाई तांदूळ निवडत बसली होती. वर्दी पाहून उठली. "भावानं धाडलं का तुमाला?"

वडिलांच्या जमिनीची बिल्डरशी खरेदी ठरली होती आणि भावाला तिचं हक्कसोडपत्र हवं होतं. तिनं नाही म्हटलं. मग रोज चार माणसं सूसच्या घरी येऊन बसायला लागली. नवऱ्याला रस्त्यात अडवलं. त्याच आठवड्यात तिला उचलून नोंदणीला नेणार, अशी कुणकुण तिला लागली होती.

"समुद्राचं सांगितलं म्हंजी त्यो तिकडंच हुडकीत बसंल," ती म्हणाली. "हितं धरणावर त्याच्या ध्यानात बी येनार न्हाई. बापाची जमीन हाय, सायेब. माझी बी हाय ना? मी सही करनार न्हाई." मग थोडं हसून म्हणाली, "खरा समुद्र आजून बगितलाच न्हाई मी."

हवालदार बाईंनी जबाब घेतला. सज्ञान आहे, स्वखुशीनं आले आहे, माझा ठावठिकाणा कुणाला सांगू नये. परतताना वाटेतूनच मी भावाला फोन केला. तुमची बहीण सापडली, म्हटलं.

"कुटं हाय?"

"सुखरूप आहे."

"त्ये ऱ्हाऊ द्या. कुटं हाय त्ये सांगा."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. आणखी काही विचारेल म्हणून थांबलो. त्यानं पुन्हा तेच विचारलं, आवाज चढवून. त्या क्षणी मला त्याची किळस आली. ठाण्यात पोचल्यावर नवऱ्याला सांगितलं, भेटून आलो. तो म्हणाला, "जेवती का न्हाई वेळंवर?"

भावाला पत्ता मिळाला नाही. वरून दोन-तीन फोन आले, त्यांना मी जबाब वाचून दाखवला. भावावर आणि त्या चार माणसांवर प्रतिबंधक कारवाई केली. सातबाऱ्यावर तिचं नाव तसंच राहिलं.

त्यानंतरच्या नोकरीत मिसिंगची तक्रार घेऊन कुणी आलं, की फोटो आणि वर्णन लिहून झाल्यावर मी एक प्रश्न विचारायचो, सापडल्यावर काय कराल? कुणी रडायला लागायचं. कुणी म्हणायचं, आधी दोन थोबाडीत देईन आणि मग जवळ घेईन. अशांची माणसं मी जिवाचं रान करून शोधली. जे या प्रश्नावर म्हणायचे, ते राहू द्या, आधी पत्ता काढा, त्यांची तक्रारही मी लिहून घ्यायचो. आणि ते फाटकाबाहेर पडले की त्यांच्या मागे एक साध्या वेशातला माणूस लावायचो.