माईकवर न आलेलं नाव

निवृत्तीभाऊंना पाहण्याच्या आधी मी त्यांना ऐकलं. लग्न होऊन कान्ह्याला आले तेव्हा कामशेतच्या बाजारात वडापच्या जीपला टेकून एक माणूस ओरडत असायचा, "टाकवे, वडेश्वर, बसा लवकर, फाटक पडायच्या आत पोचवतो." तो आवाज रुळांच्या पलीकडे जायचा. माणूस किरकोळ, अंगात मळका खाकी शर्ट, पण छातीत भोंगा बसवल्यासारखा आवाज. वडेश्वरच्या वर डोंगरात ठाकरवाडी आहे, तिथले ते. शाळा चौथीपर्यंत. वरची भाताची खाचरं भावांना पुरेनात, म्हणून खाली उतरले, आधी जीपवर माणसं भरणारा किन्नर म्हणून राहिले, मग ड्रायव्हर झाले. आता साठीला आले आहेत आणि अजून तीच जीप चालवतात. मी कामशेतच्या एका पतसंस्थेत काम करते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ माझं जाणं-येणं त्यांच्याच गाडीतून.

गावच्या मंडळाने फुटबॉलच्या स्पर्धा सुरू केल्या त्या नवलाख उंबऱ्याच्या कंपन्यांत लागलेल्या पोरांच्या हौसेखातर. पहिल्या वर्षी ठरवलेला समालोचक आलाच नाही. मंडळाचे अध्यक्ष रखमाजीभाऊ, गावातले मोठे जमीनवाले, त्यांनी समोर दिसलेल्या निवृत्तीभाऊंच्या हातात माईक दिला आणि सांगितलं, दिसेल ते बोल. निवृत्तीभाऊंना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण रस्ता कळत होता. त्यांनी सामना रस्त्यासारखा सांगितला. कोणी मागून येऊन चेंडू काढला की ओव्हरटेक, कोणी पाडलं की अपघात, पंचांना ते हवालदार म्हणायचे. ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. "मोकळा रस्ता दिसला, पोरगं पुढं गेलं, ह्यात गुन्हा काय," असं ते माईकवरच विचारायचे आणि लोक लोटपोट हसायचे.

त्यांनी प्रत्येक खेळाडूला एक नाव दिलं. उर्स्याच्या टोलवर कामाला असलेला संदीप बचावाला उभा राहायचा, तो झाला टोलनाका. सामन्याला कायम उशिरा येणारा सनी, तो लोकल. गावात माईकवरचं नाव मिळणं म्हणजे मोठी गोष्ट होती. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कंसात ते नाव छापायचे, लग्नपत्रिकेतही एकाने घातलं होतं. ज्याला नाव नाही तो नुसता भरतीचा खेळाडू.

माझा मुलगा संदेश गोलकीपर. लोणावळ्याच्या शाळेत असताना तो हा खेळ शिकला. त्याचं नाव होतं फाटक, गावातल्या रेल्वेच्या फाटकावरून. त्याने चेंडू अडवला की निवृत्तीभाऊ म्हणायचे, "कान्ह्याचं फाटक पडलं, आता गाड्या उभ्या." मग सगळं मैदान ओरडायचं, "पडलं, पडलं."

मी मैदानावर कधी गेले नव्हते. आमचं घर स्टेशनच्या मागे आहे आणि मैदान रुळांच्या पलीकडे. रविवारी दुपारी भाकऱ्या करताना कर्ण्यावरून सगळं ऐकू यायचं. माझ्या मुलाचा खेळ मी असाच, निवृत्तीभाऊंच्या तोंडून पाहिला. फाटक पडलं म्हटलं की मी तवा उतरवून क्षणभर थांबायचे.

गेल्या दिवाळीनंतर संदेशसाठी उर्स्याचं स्थळ आलं. मुलगी हर्षदा, शिकलेली, स्वभावाने शांत. दोघांना बोलायला ओसरीवर बसवलं, तेव्हा संदेशने तिला सांगून टाकलं की मला मुलींचं नाही, मुलांचं आकर्षण आहे, आणि लग्न करून मला तुमची फसवणूक करायची नाही. तिने ते आईवडिलांना सांगितलं. तिचा काही दोष नाही, कारण नकाराचं खरं कारण द्या असं त्यानेच तिला बजावलं होतं. आठवडाभरात ते गावभर झालं. रविवारी मैदानावर संदीपने सगळ्यांसमोर विचारलं, ऐकलं ते खरं का? संदेश हातमोजे घालत होता. "व्हय, खरंय. खेळायचं का आता?" एवढंच तो म्हणाला. घरी काय झालं ते इथे लिहीत नाही. त्याचे वडील अजून त्याच्यासोबत जेवायला बसत नाहीत, इतकं पुरे.

जानेवारीत स्पर्धा सुरू झाल्या. पहिल्याच सामन्यात त्याने चेंडू अडवला, निवृत्तीभाऊ म्हणाले, कान्ह्याचं फाटक, आणि पुढचे शब्द शिट्ट्यांत बुडाले. कोणी मुके घेतल्याचे आवाज काढत होतं, कोणी मंगलाष्टकं म्हणत होतं. कर्ण्यातून ते सगळं माझ्या स्वयंपाकघरात आलं. ती आपल्याच गावची पोरं होती, गोलच्या मागच्या बांधावर नेहमी बसणारी, वर्षभरापूर्वी "पडलं, पडलं" ओरडणारी. बाकीचे खेळाडू पळत असतात, त्यांना टोमणे लागतात आणि मागे राहतात. गोलकीपरला जागा सोडता येत नाही, आणि प्रेक्षकांच्या सगळ्यात जवळ तोच असतो.

दुसऱ्या सामन्यात टोलनाका आला, लोकल आली, पण फाटक आलं नाही. "गोलकीपरनं अडवला," असं एकदा ऐकलं. नंतर तर नुसतं, "बॉल अडला." कोणी अडवला त्याचा पत्ता नाही. शिट्ट्या कमी झाल्या होत्या, त्यामुळे आधी मला बरं वाटलं. पण सामना संपेपर्यंत हातातली कामं होईनात.

त्यानंतरच्या सामन्यात कोणीतरी गोलच्या खांबाला हिरव्या बांगड्या बांधून ठेवल्या. एवढी हिंमत कशी झाली ते मला सोमवारी जीपमध्ये कळलं. पोरं म्हणत होती, आता माईकनेच त्याला टाकलाय. आमच्याकडे माईकवरचं नाव जाणं म्हणजे गावाने हात काढून घेणं, हे निवृत्तीभाऊंच्या ध्यानातच आलं नव्हतं. भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या सरुबाई पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "निवृत्ती, पोराला वाळीत टाकलं का रं?"

"टाकलं न्हाई मावशी, झाकलं," ते म्हणाले. "नाव घेतलं की ती शिट्ट्या मारत्यात."

"झाकत्यात ते मेलेल्याला," सरुबाई म्हणाल्या आणि पाटी सावरत बसल्या.

संध्याकाळी परत येताना फाटक पडलेलं होतं. गाड्यांच्या रांगेत मागून संदेशची मोटरसायकल आली आणि जीपच्या खिडकीशी थांबली. मी मागे बसले आहे हे त्याने पाहिलं असेल, पण पाहिलं नसल्यासारखा बोलला.

"आबा, माझं नाव का घेईना झालात?"

निवृत्तीभाऊंनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "माझ्या तोंडानं तुला शिट्ट्या कशाला, लेकरा."

"शिट्ट्या मी ऐकतो. बांगड्या काढून खिशात टाकल्या आन् खेळलो. पण तुमी गप झालात ना, तवा वाटलं, आपण आता ह्या गावचे न्हाई. फायनलला नाव आलं न्हाई तर मी खेळणं सोडणार."

रेल्वेगाडी धडधडत निघून गेली, फाटक वर गेलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. निवृत्तीभाऊ म्हणाले, "येईल."

अंतिम सामना मंडळाने लोणावळ्याच्या मोठ्या मैदानावर ठेवला होता. मी पहिल्यांदाच मैदानावर गेले आणि बायका थोड्या होत्या तिथे एका टोकाला उभी राहिले. हिरवळीवर गोल केवढा मोठा असतो आणि त्यात माणूस केवढासा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. स्टेजवर पुण्याहून आलेले पाहुणे होते. सामन्याआधी रखमाजीभाऊंनी निवृत्तीभाऊंना बाजूला घेऊन काहीतरी समजावलेलं मला दिसलं. पोरगं चांगलं आहे, माझा काही राग नाही, पण पाहुण्यांसमोर तो विषय नको, असं ते बोलले, हे नंतर कळलं.

पहिला चेंडू संदेशने उजवीकडे झेप घेऊन अडवला. कर्ण्यातून आवाज आला, "कान्ह्याचं फाटक पडलं, आता गाड्या उभ्या." शिट्ट्या सुरू झाल्या. निवृत्तीभाऊ त्या संपेपर्यंत थांबले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. शिट्ट्या वाढल्या. ते पुन्हा म्हणाले, या वेळी पूर्ण नाव घेऊन, हा संदेश, आमच्या गावचा, असं जोडून. रखमाजीभाऊ हसत हसत स्टेजच्या कडेला आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने माईक काढून घेतला. रागावले नाहीत. "वय झालं निवृत्ती, पाणी पी जरा," असं ते म्हणाले, तेही माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. मग लोणावळ्याचा एक पोरगा हिंदीत समालोचन करायला लागला आणि मधे मधे गाणी लावायला लागला.

निवृत्तीभाऊ पाणी प्यायले नाहीत. स्टेजवरून उतरून ते मैदानाला वळसा घालून चालत गेले आणि संदेशच्या गोलमागे, शिट्ट्या मारणाऱ्या पोरांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. कर्ण्यावरच्या गाण्यात मला त्यांचा आवाज येत नव्हता. नुसतं उघडलेलं तोंड आणि वर केलेला हात दिसत होता, बाजारात माणसं बोलावताना करतात तसा. पोरांपैकी कोणी त्यांना विचारलं म्हणे, "आबा, जीप भरली का?" ते म्हणाले, "एक सीट मोकळी हाय, बस." हे संदीपने सांगितलं, तो जवळच होता. त्यावर दोघं-तिघं ओशाळून तिथून उठले. बाकीचे शेवटपर्यंत शिट्ट्या मारत राहिले. संदीप त्यांना काही बोलला नाही, हेही त्यानेच सांगितलं.

सामना आपण हरलो. शेवटी शेवटी एक चेंडू संदेशच्या हाताला लागून आत गेला आणि तेव्हा गोलमागच्या आपल्याच पोरांकडून टाळ्या पडल्या. परत येताना मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले होते, घाटाकडचा वारा कानात शिरत होता. संदेशने मान वळवून विचारलं, "आई, आबांचं तुला ऐकू आलं का?"

मी नाही म्हटलं.

"मला आलं," तो म्हणाला.

मला वाटलं, आता तो खेळणं सोडणार नाही. त्याने सोडलंही नाही. पुढच्या हंगामासाठी मंडळाने नवीन पोरांना संधी द्यायचं ठरवलं आणि नवीन फक्त गोलकीपर घेतला. कोणी संदेशला नको म्हणालं नाही, बोलावलंही नाही. निवृत्तीभाऊंनाही बोलावलं नाही. पावसाळा संपता संपता संदेशने पुण्यात नोकरी धरली, खोली घेतली, हातमोजे सोबत नेले. रविवारी तिथे भाड्याच्या मैदानावर अनोळखी मुलांसोबत खेळतो, असं फोनवर सांगतो. ती मुलं कशी आहेत, त्यांना ठाऊक आहे का, कळल्यावर काय करतील, हे मी विचारते आणि तो विषय बदलतो.

निवृत्तीभाऊ अजून कामशेतला जीपला टेकून उभे असतात. त्या दिवसापासून घसा बसला तो पूर्ण सुटला नाही, आता शेजारच्या जीपवाल्याचा किन्नर त्यांचीही माणसं बोलावतो. परवा संध्याकाळी फाटकात थांबलो होतो. आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ताई, तिकडं माईकवर कोण बोलतं?"

"माईक नसतो तिथे, भाऊ."

त्यांनी जरा विचार केला. "मग तुमाला कळतं कसं, त्यानं अडवला का न्हाई ते?"

मला कळत नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन रुळांकडे बघत बसले. गाडी यायला वेळ होता.