पिसं नसलेलं जॅकेट

काट्यावर आकडा आला एकतीस किलो चारशे ग्रॅम. बाईजींनी चष्मा लावून तो वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू काटा मीच फितवलाय.

"वीस चालतं," मी म्हणाले.

"हे तर मी लई कमी केलंय, बेटा," त्या म्हणाल्या. "आदी दोन बॅगा होत्या."

नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. मी तिथे एकोणीस वर्षं काम करतेय. तिकीट, व्हिसा, हॉटेल हे आता कुणीही करून देतं, मोबाईलही देतो. माझं खरं काम त्यानंतर सुरू होतं. थंड मुलखात जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी निघायच्या महिनाभर आधी भरलेली बॅग घेऊन ऑफिसात बोलावते, काट्यावर ठेवते आणि टेबलावर उघडते. आमचे मालक रज्जाकभाई याला कोर्टातल्यासारखी बॅगेची पेशी म्हणतात. लोक लाजतात, कधी चिडतात, पण मी ऐकत नाही. एअरपोर्टच्या फरशीवर सगळ्यांसमोर उघडण्यापेक्षा माझ्या टेबलावर उघडलेली बरी.

बाईजी म्हणजे बियाण्यांच्या व्यापारातल्या एका जैन घरातल्या थोरल्या बाई. वय चौसष्ट. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जिल्ह्यातल्याच मंठ्याला गेलेल्या, आता कारभार जालन्यात. मुलगा पारस, सून, दोन नातवंडं आणि बाईजी असे पाच जण मार्चच्या सुरुवातीला फिनलंडच्या उत्तर टोकाला निघणार होते. तिथे रात्री आकाशात हिरवा उजेड नाचतो, तो बघायला. ही ट्रिप मुलांनी नव्हती ठरवली. बाईजींनी नातीच्या मोबाईलवर तो उजेड पाहिला आणि हे खरं असतं का, असं तीन-चारदा विचारलं. मग एक दिवस जेवताना म्हणाल्या, मला ते बघायचंय. घरात म्हणे सगळे जण घास हातात धरून बसून राहिले, कारण बाईजींनी स्वतःसाठी काही मागितल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

बॅग उघडली. सहा स्वेटर, चार शाली, एक रजई, गरम पाण्याची रबरी पिशवी, अकरा साड्या, खाकरे, पापड, मेथीचे ठेपले, लोणच्याची बरणी आणि तीन स्टीलचे डबे. सगळं इतकं नीट रचलेलं, की मोडायला जीव होईना. पण शेवटचं विमान छोटं होतं. माणशी वीस किलो म्हणजे वीसच.

मी त्यांना समजावलं, की जाड कपड्यानं ऊब येत नाही. ऊब येते कपड्यात अडकलेल्या हवेनं. म्हणून तिकडे तीन थर घालतात. अंगालगत पातळ लोकरीचा थर, तो घाम बाहेर काढतो. त्यावर फ्लीस, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचं मऊ, हलकं कापड, ते हवा धरून ठेवतं. सगळ्यांत वर वारा अडवणारं फुगीर जॅकेट. सुती कपडा अंगालगत बिलकुल नको, कारण तो घाम पितो आणि ओला राहतो. आतले दोनच जोड न्यायचे, एक घालायचा, एक धुऊन खोलीतल्या हीटरजवळ वाळवायचा. बूट आणि जॅकेट बॅगेत नाही, अंगावर घालून विमानात बसायचं. काट्यावर माणूस चढत नाही.

साडीचं कसं, हे विचारायला मीच कचरत होते. बाईजींनी स्वतःच विषय मिटवला. पँट घालते म्हणाल्या, तिथं मला कोण ओळखतं.

इथवर मी भलतीच खुशीत होते. या गिऱ्हाइकाचा मी फार विचार केला होता. बाईजी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. डिसेंबरात तिकडे सूर्य उगवतच नाही, कितीतरी दिवस. मग त्यांनी जेवायचं कधी? म्हणून मी मुद्दाम मार्च धरला होता. मार्चमध्ये सूर्य वेळेवर उगवतो, वेळेवर मावळतो, आणि रात्री तो हिरवा उजेडही दिसतो. हॉटेलला न चालणाऱ्या कंदमुळांची यादी पाठवली होती. संध्याकाळचं जेवण साडेचारला लावून घेतलं होतं. रज्जाकभाईंनी तर दोन गिऱ्हाइकांसमोर माझं कौतुकही केलं होतं.

तेव्हा मी कपाटातून माझा हुकमी एक्का काढला. सॅम्पलचं जॅकेट. पिळून पिळून पाण्याच्या बाटलीएवढ्या पिशवीत बसतं आणि सोडलं की फुगतं. ते मी बाईजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी हात फिरवला, दाबून पाहिलं. फार आवडलेलं दिसलं.

"यात काय भरलंय?" त्यांनी विचारलं.

"बदकाची पिसं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

बाईजींनी हात काढून घेतला. जॅकेट उचलून टेबलावर ठेवलं, आपटलं नाही, हळूच ठेवलं. मग म्हणाल्या, "हे मला न्हाई चालत, बेटा. मेंढीची लोकर कातरली तरी मेंढी जगते. हे बदक जगलं असंल का?"

जगलं नसणार, हे मलाही ठाऊक होतं. एकोणीस वर्षं जैन गिऱ्हाइकं करतेय. ताटात काय चालत नाही ते मला झोपेतून उठवून विचारा. पण अंगावर काय चालत नाही, ते मी आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. आणि पाचही जणांसाठी पिसांची जॅकेटं सांगून बसले होते.

पारस शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, आईचं नाव काढून टाका. तिला तसंबी थंडी सोसत न्हाई. आमी जाऊन येतो, तिला तिथून व्हिडिओ कॉल लावतो."

तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त कामं लवकर उरकायची सवय आहे. बाईजी टेबलावर पसरलेले स्वेटर एकेक घडी करून परत बॅगेत ठेवायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती आणि घरी बसणार होत्या त्या.

मी पारसला आठ दिवस मागितले. आतून रज्जाकभाई बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. विमान कंपनीला नावं पक्की कळवायची तारीख जवळ आली होती, म्हणून त्यांचा जीव टांगणीला.

"मॅडम, जल्दी सांगा," ते म्हणाले. "नाव ठिवायचं का काढायचं?"

ठेवायचं, मी म्हणाले. कसं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी पारसचा फोन आला. आवाज उतरलेला होता. आई जेवली नीट, पण बोलली नाही, म्हणाला. मग जरा थांबून त्यानं सुचवलं, की लेबल कापून टाकू, सांगू कापूस भरलाय म्हणून, तिला काय कळणार आहे. मी नाही म्हणाले. ज्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवून बॅग उघडू दिली, तिच्या अंगावर मी खोटं चढवणार नव्हते. फोन ठेवताना तो म्हणाला, "बराबर आहे तुमचं." त्यानंतर तो आमच्या बाजूनं झाला.

दुसऱ्या दिवसापासून पुण्या-मुंबईतल्या गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्या दुकानांना फोन सुरू केले. पिसांऐवजी कृत्रिम तंतू भरलेली जॅकेटं मिळतात. तीही हवा अडकवतात, फक्त जरा जड असतात आणि बाटलीएवढी होत नाहीत. एक दुकानदार म्हणाला, सेम आहे मॅडम, डोळे झाकून घ्या. मी डोळे उघडे ठेवून आतल्या लेबलचा फोटो मागितला. त्यात दहा टक्के पिसं निघाली. दुसऱ्याच्या टोपीला फरची किनार होती. बुटांचं तर विचारूच नका, सगळं रबरी दिसतं आणि टाचेला चामड्याचा तुकडा निघतो. चौथ्या दिवशी मनासारखा एक जॅकेट-बुटांचा जोड सापडला आणि कुरियरनं आला. बाईजींनी ऑफिसात बसून लेबल एकेक अक्षर लावत वाचलं. शंभर टक्के पॉलिस्टर. मान हलवली.

पण खरा प्रश्न पुढेच होता. याच्यानं थंडी भागणार का? मी स्वतः मनालीच्या पुढचा बर्फ पाहिलेला नाही. जानेवारी संपताना जालन्यात पहाटे जी थंडी पडते, तिला फिनलंडची माणसं थंडी म्हणणार नाहीत. पारस आता विचारत होता तेही खरंच होतं. तिथं गेल्यावर आई कुडकुडायला लागली तर काय करायचं? ऊब पाठवून देते म्हणून फोनवर सांगता येत नाही.

माझा धाकटा भाऊ प्रशांत एका आइस्क्रीम एजन्सीत सुपरवायझर आहे. त्यांची कोल्ड रूम उणे वीसला चालते. बाईजींना जिथे जायचं होतं तिथेही त्या दिवसांत रात्री तेवढं असू शकतं. मी प्रशांतला गळ घातली. आधी तो हसला, मग त्यानं मालकाची परवानगी काढली आणि अटी घातल्या. एका वेळी पंधरा मिनिटं, दार आतून उघडतं की नाही ते स्वतः उघडून बघायचं, आणि तो बाहेर काचेशी उभा राहणार.

बाईजी पँट, जॅकेट, टोपी घालून आल्या. एजन्सीतली माणसं कामं सोडून बघत होती. बाईजींनी पदर घ्यायला हात डोक्याकडे नेला, तिथे टोपी लागली, आणि त्या स्वतःशीच हसल्या. मीही तसेच कपडे घालून त्यांच्याबरोबर आत गेले. एकटीला पाठवणं बरं दिसलं नसतं.

आत दोन्ही बाजूंना खोकी, वर घोंगावणारा पंखा. त्याच्याखाली उभं राहिलं की वाराही मिळतो. पहिली पाच मिनिटं काहीच वाटलं नाही. आठव्या मिनिटाला बाईजी म्हणाल्या, पाय गेले. बाहेर आणून बूट काढले, तर आत तीन जाड मोज्यांचे जोड कोंबलेले. पाय इतके आवळलेले की रक्त फिरायलाच जागा नाही, आणि हवा अडकायलाही नाही. मी एकच लोकरी जोड घालायला सांगितला होता. त्यांनी घरच्या मायेनं दोन वाढवले होते. एक नंबर मोठे बूट मागवले आणि पाच दिवसांनी पुन्हा आलो. पारसकडून मागितलेले आठ दिवस तोवर संपले होते. रज्जाकभाईंना मी तोंड दाखवत नव्हते.

दुसऱ्या वेळी आत गेल्यावर आम्ही बोलत राहिलो. बोलताना वेळ कळत नाही म्हणून मीच काहीबाही विचारत होते. त्यांना विचारलं, एवढं नीट बॅग भरायला शिकलात कुठे.

"चाळीस वर्षं भरून राह्यले," त्या म्हणाल्या. तोंडातून वाफ निघत होती. "यात्रेला, शिखरजीला, पालीताण्याला, जिथं गेलो तिथं. अकरा माणसांचं सामान. सासूबाईंच्या गोळ्या, पोरांचे कपडे, समद्यांचा डबा. माझ्या दोन साड्या कुणाच्या बी बॅगेत जात. माझ्या नावाची बॅग कदी नव्हतीच."

मग त्यांनी विचारलं, किती मिनिटं झाली. घड्याळात सतरा मिनिटं झाली होती आणि बाहेरून प्रशांत काचेवर बोटं वाजवत होता.

"थांबू का अजून?" बाईजी म्हणाल्या. "मला काईच होऊन न्हाई राह्यलं."

त्याच दुपारी मी रज्जाकभाईंना सांगितलं, पाच नावं पक्की. नातीनं घरी जाहीर करून टाकलं होतं, की दादी जे घालणार तेच मी. मग पाचही जॅकेटं तीच मागवली. बाईजींची बॅग शेवटच्या पेशीत सोळा किलो भरली. त्यात चार किलो खाकरे-ठेपले होते. त्यांना मी हात लावला नाही. कुठे थांबायचं, तेही माझ्या धंद्यात कळावं लागतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाईजींचा तिकडून फोन आला. मी आधी पाय विचारले. पाय ठीक होते.

"दिसलं," त्या म्हणाल्या. "मोबाईलवर दिसतं तेवढं भडक न्हाई, बेटा. फिकं असतं. पण हलतं. आकाशभर हलतं. मी दोन तास उभी राह्यले."

"आणि पारसभाऊ?"

"तो अर्ध्या तासात आत पळाला. आतून सुती बनियन घालून आल्ता. ऐकत न्हाई कुणाचं."

मी फोन ठेवला आणि रज्जाकभाईंना म्हटलं, आपल्या फॉर्मवर एक ओळ वाढवायची आहे. जेवणात काय चालत नाही याच्याखाली, अंगावर काय चालत नाही. त्यांनी विचारलं, एका गिऱ्हाइकासाठी? मी म्हणाले, हो, तिच्यासाठीच. धंद्यात आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटायला लागलं, की बरोबर त्याच्याच शेजारचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

नवा फॉर्म छापून आल्यावर तो पहिल्यांदा भरला बाईजींनीच. उन्हाळा लागला होता. त्या रिक्षानं आल्या, पारस बरोबर नव्हता. पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, जिथं समुद्रात बर्फाचे डोंगर तरंगतात, ते कुठं आलं? मी फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं आणि सवयीनं विचारलं, किती जण.

"एक," बाईजी म्हणाल्या.