दोन कार्डं

जानेफळचा शेषराव मुंबईत कॉम्प्युटरवर काम करी, तेव्हा आम्हा गाववाल्यांना तो तिथे नेमकं काय करतो हेच कळत नसे. मी शाळामास्तर, म्हणून मला त्याने एकदा समजावलं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवतो तो कम्पायलर. त्यात ‘जर-तर’ आलं की यंत्र उडी मारतं आणि पुढच्या वाचून ठेवलेल्या आज्ञा फुकट जातात. म्हणून उडी लहान असली की हा गडी ती काढूनच टाकी. दोन्ही उत्तरं आधी काढून ठेवायची, अट कळली की हवं ते उचलायचं.

एकाहत्तर साली आई सत्यभामाबाईंचं ऑपरेशन त्याने मुंबईत करवलं. बाहेर बसल्या बसल्या या शहाण्याने दोन कार्डं लिहिली. एक, आई बरी आहे. दुसरं, मृत्यूच्या पत्राच्या रीतीप्रमाणे कोपरा फाडलेलं, आई गेली, क्रिया इथेच केली. आई वाचली, आणि आनंदाच्या भरात दोन्ही कार्डं पेटीत पडली.

दोन्ही एकाच दिवशी आली. त्याचे वडील कारभारी यांना ती मीच वाचून दाखवली. कोपरा फाटलेलं पाहिल्यावर ‘बरी आहे’चं कार्ड आधीचं असणार, असं मीच म्हणालो. मृत्यूचं कार्ड घरात ठेवत नाहीत, म्हणून लगेच फाडलंही. आजही स्वतःचा राग येतो.

दहाव्या दिवशी मायलेक एसटीतून उतरले. दारात कारभारी, डोक्याचे केस आणि मिशा काढलेले. सत्यभामाबाई घाबरून म्हणाल्या, “कोन गेलं हो?”

मी दोन्ही कार्डं आल्याचं बोललो. तेव्हा शेषरावने सगळं सांगितलं. सत्यभामाबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मी आत जित्ती होती, तवाच लिवलं का रे तुनं?”

“हाव, माय.”

पुढे त्याने कम्पायलरमध्ये एक तपासणी घातली. न लागणारी बाजू त्या कार्डासारखं मागे काही ठेवून जात असेल, तर उडीच राहू द्यायची. पण घरात तो पेन काढताना दिसला की सत्यभामाबाई हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहायच्या. ती नजर त्याला मुंबईतही झोपू देत नसे.

नऊ वर्षांनी त्या खरोखरच अंथरुणाला खिळल्या. तो धावत आला. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “लिवून ठेवलं का रे?”

शेषरावने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.