नववीपासूनची भूक

कॉलेजसाठी राजारामपुरीतल्या एका खोलीत आम्ही दोघी मैत्रिणी राहायचो. मी चंदगडकडची, ती भुदरगडकडची. दोघींच्या आया दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जायच्या. सरकारी वसतिगृहाच्या यादीत दोघींचंही नाव आलं नव्हतं. अशा मुलींना सरकार खोलीसाठी आणि जेवणासाठी भत्ता देतं. तो मंजूर झाला होता, फक्त खात्यावर येत नव्हता. तोवर आम्ही दोघींत मिळून खानावळीचा एकच डबा लावला. चपात्या, भाजी, आमटी आणि थोडा भात. मी सकाळी अर्धा खायचे, ती प्रॅक्टिकलवरून आल्यावर उरलेला खायची. भाजीला वास सुटला असेल तर ती आमटीवर भागवायची आणि मला सांगायची नाही.

रविवारी डबा बंद असायचा. मग आम्ही देवळाजवळच्या अन्नछत्रात भाविकांच्या रांगेत उभ्या राहायचो. पहिल्यांदा वाढणाऱ्या माणसानं विचारलं, "पावणं, कुठनं आलासा?"

"लातूरहून," तिनं सांगून टाकलं.

"लय लांबनं आलासा. पोटभर जेवा."

पुढच्या रविवारी वाढायला तोच होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि ताटात भाताचा आणखी एक डाव वाढला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता न्हाय यायचं हितं. कळलंय त्याला." मला जायचं होतं. पण तिच्याशिवाय एकटीनं त्या रांगेत उभं राहायचं धाडस मला झालं नाही.

हिवाळ्यात कॉलेजमध्ये सरकारी योजनांची माहिती द्यायला एक अधिकारी आले. सभागृह भरलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? माझ्या शेजारून ती उठली. एरवी वर्गातही न बोलणारी.

"साहेब, शाळेत आठवीपर्यंत आमाला खिचडी मिळायची. नववीपासनं भूक लागत न्हाय काय?"

आधी हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. ती हसली नाही. अधिकारीही हसले नाहीत. "प्रश्न बरोबर आहे तुझा," ते म्हणाले. "पण कॉलेजसाठी तशी योजनाच नाही. मी वर कळवतो. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही." ते खोटं बोलत नव्हते. चिडावं तरी कुणावर, ते मला कळेना.

आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी मात्र ते मनावर घेतलं. गरजू मुलांना कॉलेजमध्येच दुपारचं जेवण द्यावं म्हणून त्यांनी प्राचार्यांकडे विषय काढला, विद्यापीठात जाऊन आल्या, समाजकल्याणच्या कचेरीतही गेल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. अशा खर्चासाठी सरकारी हिशेबात लेखाशीर्षच नाही, असं सगळीकडे सांगितलं गेलं. मग त्या स्वतःच घरून जादा डबा आणू लागल्या. मैत्रिणीनं तो दोन-तीनदा घेतला आणि नंतर दुपारी प्रयोगशाळेकडे जाणंच टाळू लागली.

"घे की गं," मी म्हणाले. "त्या प्रेमानं आणत्यात."

"त्येच तर. उद्या त्या आजारी पडल्या तर मी भुकेनं त्यांची वाट बघत बसणार. मला तसं बसायचं न्हाय."



परीक्षेच्या आधीच तिनं सामान बांधलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं होतं. मी खूप समजावलं. शेवटचं एकच वर्ष राहिलंय, भत्ता येईल, मी घरून तांदूळ आणते. ती पिशवीची चेन ओढत राहिली.

"तितं कॅन्टीन हाय," ती म्हणाली. "एवढी माणसं कामाला असली की कायद्यानं जेवणाची सोय करावीच लागती म्हणं. दुपारी आमटी-भात, चपाती. पायजे तेवढी."

कामगारासाठी कायदा होता. आम्ही विद्यार्थिनी होतो.

भत्ता उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. तोवर परीक्षा संपली होती आणि खोली सोडून मी गावी गेले होते.

पुढच्या वर्षी कागलच्या एसटीत ती अचानक भेटली. अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. मला खूप बरं वाटलं आणि त्याच क्षणी रडू येईल असंही वाटलं. तिनं विचारलं, "रिझल्ट लागला काय?" मी हो म्हणाले. पास झाल्याचं सांगताना माझा आवाज उगाच खाली गेला.

"चांगलं झालं की," ती म्हणाली. "मी बी भायरनं फॉर्म भरनार हाय. पुढच्या वर्षी."

"भर," मी म्हणाले.

तिच्या कामाची पाळी बदलती असायची, कधी दिवसाची, कधी रात्रीची. पुस्तकं तिनं गावाकडं ठेवली होती. दोघींनाही हे ठाऊक होतं, म्हणून आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. कारखान्यांच्या फाट्याला एसटी थांबली. तिनं माझा खांदा दाबला आणि बायकांच्या घोळक्यातून ती खाली उतरून गेली.